हाताखालची माणसं

फुरसं चावलेला माणूस दवाखान्यात आला की पहिल्या तपासणीला कुठलंही यंत्र लागत नाही. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढायचं, स्वच्छ आणि कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची आणि मग अलगद कलती करून पाहायची. रक्त अजून पाण्यासारखं वाहत असेल तर विष रक्तात भिनलंय असं धरायचं आणि प्रतिसर्पविषाच्या कुप्या फोडायला घ्यायच्या. ऐकायला सोपं आहे. पण नळी प्लॅस्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेलीही चालत नाही, कारण रक्त गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शानं सुरू होते. चुकीच्या नळीत धडधाकट माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं. मग ज्याला गरज नाही त्याला औषध जातं, आणि हे औषधही निरुपद्रवी नाही. त्याची जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते.

रत्नागिरी जिल्ह्याची आणि फुरशाची ओळख फार जुनी. १८६२ साली इंग्रज सरकारनं मारलेल्या फुरशांवर इनाम लावलं, तेव्हा आठवडाभरात लाखाहून जास्त फुरशी मारून आणली गेल्याची नोंद आहे. आजही भातकापणीच्या आणि आंब्याच्या बागा साफ करण्याच्या दिवसांत माणसं चावे घेऊन येतातच. डॉक्टर येतात, तपासतात, औषध लिहितात. पण ती नळी कुठली घ्यायची हे ज्याला ठाऊक असतं आणि वीस मिनिटं जो घड्याळावर नजर ठेवतो, तो बहुतेक वेळा डॉक्टर नसतो.

गावात त्याच्याबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं. ‘लॅबमध्ये असतो.’ ‘एक्स-रे काढतो.’ ‘डॉक्टरांच्या हाताखाली आहे.’ मुलगी असेल तर पाहुणे तिला सरळ नर्स करून टाकतात. ती ऑपरेशन थिएटरमधली तंत्रज्ञ आहे, भूल देण्याच्या यंत्राची तपासणी तिच्याकडे आहे, हे सांगायला आईवडिलांकडेही नेमके शब्द नसतात. या लेखाचा विषय या माणसांची पदवी आहे, आणि त्या पदवीनं त्यांना नेमकं काय द्यायला हवं हा प्रश्न आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: त्यांना ‘नाही’ म्हणता यायला हवं. नमुना चुकीचा आहे, परत घ्या. फोटो हलला आहे, पुन्हा काढतो. पाणी तपासल्याशिवाय मशीन लावणार नाही. पगार, खुर्ची, पाटी हे सगळं त्यानंतर.

महाराष्ट्रात या शिक्षणाचा मुख्य रस्ता नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातून जातो. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची ‘बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी’, म्हणजे मुलांच्या बोलण्यातली ‘बीपीएमटी’, ही तीन वर्षांची पदवी आणि त्यापुढे एक वर्षाची इंटर्नशिप. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवं. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन असा पाया सगळ्यांचा सारखा. मग फाटे फुटतात. प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, भूल, हृदयरोग, रक्तपेढी, डोळे. फिजिओथेरपी याहून वेगळी, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली तर फी परवडते. खासगीत हिशेब लाखांवर जातो. म्हणून यादी लागली की लांज्या-राजापूरची मुलं मुंबई, मिरज, कोल्हापूर अशी पसंतीची नावं भरत बसतात.

या शिक्षणाला देशपातळीवर कायद्याचा आधार मिळाला तो अगदी अलीकडे. मार्च २०२१ मध्ये ‘राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग’ कायदा झाला. डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी, औषधनिर्मात्यांसाठी, दंतवैद्यांसाठी परिषदा होत्या. उरलेल्यांसाठी अखिल भारतीय असं काही नव्हतं. या कायद्यानं उरलेल्यांचे दहा गट केले. प्रयोगशाळेपासून क्ष-किरणापर्यंत, फिजिओथेरपीपासून आहारशास्त्रापर्यंत सगळे त्यात आले. डॉक्टरचा थेट सहायक, ज्याला कायदा ‘फिजिशियन असोसिएट’ म्हणतो, तोही आला आणि शेवटच्या गटात हॉस्पिटलची कागदपत्रं सांभाळणाराही आला. दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचं शिक्षण घेतलेला एका पायरीवर, तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचं घेतलेला वरच्या पायरीवर. कायदा झाला तरी राज्यांनी परिषदा स्थापायला इतकी चालढकल केली की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. आपल्याकडे हे नवं नाही.

सहायकाला शिकवायचं की नुसतं राबवायचं, हा वाद तसा जुनाच. पुण्यात १८७८ साली निघालेली बी. जे. मेडिकल स्कूल सुरुवातीला पूर्ण डॉक्टर घडवण्यासाठी नव्हतीच. सरकारी दवाखान्यांना लागणारे हॉस्पिटल असिस्टंट तिथं तयार होत. कोकणातल्या गावात सरकारी औषधोपचाराचं पहिलं दर्शन झालं ते बहुधा देवी टोचायला येणाऱ्या माणसाचं, आणि लोकांनी त्याला बिनदिक्कत ‘देवी डॉक्टर’ करून टाकलं. पुढे आला कंपाउंडर. लाल-पिवळी मिक्श्चरं करणारा, बाटलीवर कागदाच्या खुणा चिकटवणारा, डॉक्टर बाहेरगावी गेले तर दवाखाना चालवणारा. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं औषधनिर्मात्याला शिक्षण आणि नोंदणी सक्तीची केली आणि बघता बघता कंपाउंडर इतिहासजमा झाला. लॅबवाला आणि एक्स-रेवाला मात्र पुढची सत्तर वर्षं कंपाउंडरच्याच अवस्थेत राहिले. कोणी पदवी घेऊन आला, कोणी पदविका, कोणी एखाद्या लॅबमध्ये काचा धुता धुता शिकला, आणि पेशंटला या तिघांतला फरक कळायला मार्ग नव्हता.

अपवाद होते, आणि त्यातल्या एका बाईंची गोष्ट मराठी वाचकाला माहीत असायला हवी. कमलाबाई निंबकर. माहेरच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकन. विष्णुपंत निंबकरांशी लग्न करून १९३० साली त्या भारतात आल्या, इथल्याच झाल्या आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय काढलं. आशियातलं ते पहिलं. पुढे नागपुरातही काढलं. हात निकामी झालेल्या माणसाला पुन्हा शर्टाची बटणं लावायला शिकवणं हे शास्त्र आहे, ते शिकावं लागतं आणि त्याची परीक्षा देता येते, हे त्यांनी डॉक्टरांना पटवलं. इरावती कर्व्यांच्या कन्या जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई, त्यामुळे हे घराणं मराठी वाचकाला परकं नाही. कमलाबाईंचं काम मात्र त्या क्षेत्राबाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही.

ऑक्युपेशनल थेरपीची आठवण रत्नागिरीत यायला आणखी एक कारण आहे. इथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचं. राज्यात अशी जुनी सरकारी मनोरुग्णालयं चारच: नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी. मानसिक आजाराच्या माणसाला गोळ्यांनी झोप येते, भास कमी होतात. पण सकाळी उठून दात घासणं, चार माणसांत बसून जेवणं, हातात काम धरणं हे गोळी शिकवत नाही. ते शिकवणारा माणूस लागतो. तो नसेल तर रुग्ण बरा होऊनही घरी जाण्याजोगा होत नाही.

आता जिल्ह्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती आणि ती २००१ पेक्षा कमी होती. देशाची माणसं वाढत असताना हा जिल्हा आटत होता. हजार पुरुषांमागे १,१२२ बायका, राज्यात सर्वांत जास्त. कौतुकाचा आकडा म्हणून तो भाषणांत येतो, पण त्याचा मोठा अर्थ पुरुष मुंबईला किंवा आखातात आहेत एवढाच. मागे राहिलेत म्हातारे. पूर्वी मनीऑर्डर यायची, आता मोबाइलवर पैसे येतात. गुडघे मात्र इथंच दुखतात, साखर इथंच वाढते, मूत्रपिंडं इथंच थकतात. या माणसांना मोठा सर्जन आयुष्यात एखाद्या वेळी लागतो. रक्त काढणारा दर महिन्याला लागतो. पक्षाघातानंतर पाय हलवून घेणारा रोज लागतो. आणि डायलिसिसवर गेलेल्याला तर आठवड्यातून दोनदा-तीनदा, चार-चार तास, त्या यंत्राशेजारी बसलेला माणूसच सगळ्या जगाहून महत्त्वाचा असतो.

डायलिसिसवर थोडं थांबतो, कारण हे शिक्षण कशासाठी हवं ते इथं सर्वांत स्वच्छ दिसतं. २०१६ पासून केंद्राच्या डायलिसिस योजनेनं जिल्हा रुग्णालयांत ही यंत्रं आली. आठवड्याला कोल्हापूरच्या खेपा घालणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट. पण यंत्राला पाणी लागतं, एका पेशंटच्या एका वेळेला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी नुसतं रक्ताच्या पडद्यापलीकडून वाहून जातं. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात अनेक वाड्यांत टँकर येतात. टँकरच्या नि विहिरीच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीन असलेली जंतुनाशक पावडर टाकलेली असते. पिण्यासाठी ती हवीच. पण तोच क्लोरीन डायलिसिसच्या पाण्यात उरला तर तांबड्या पेशी फुटतात. आपण पाणी पितो तेव्हा मध्ये आतडं असतं. इथं पाणी आणि रक्त यांच्यामध्ये एका पातळ पडद्याशिवाय काही नसतं. म्हणून पाळी सुरू करण्यापूर्वी कोळशाच्या गाळणीनंतरच्या पाण्यातला क्लोरीन तपासायचा असतो. दोन मिनिटांचं काम. बाहेर मंडणगडहून, दापोलीहून पहाटे निघालेले पेशंट ताटकळलेले असतात, नातेवाईक दार ठोठावत असतात, परतीची एसटी गाठायची असते. अशा वेळी ‘थांबा, पाणी बरोबर नाही’ हे म्हणायला नुसतं बटण दाबायला शिकलेला माणूस पुरत नाही. क्लोरीननं काय होतं हे ज्यानं जीवरसायनात वाचलंय तोच तेवढा हटून बसतो.

आणि कोकणातली वीज. जूनच्या पहिल्या वादळात ती जाणार हे लहान मुलालाही ठाऊक असतं. जनरेटर सुरू होईपर्यंत यंत्राची बॅटरी काही मिनिटं तग धरते; तीही दमली तर रक्ताचा पंप हातानं फिरवून नळ्यांमधलं रक्त पेशंटच्या अंगात परत घालायचं असतं. त्यासाठी पंपाला हँडल असतं. ते कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं फिरवायचं, हे अंधारात शोधायची गोष्ट नाही.

प्रयोगशाळेतलं ‘नाही’ याहून कमी नाट्यमय, पण रोजचं. बारीक सुईनं जोर लावून रक्त ओढलं, नळी घुसळली, की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं. यंत्र आपलं इमानदारीनं मोजतं आणि भलताच आकडा छापतं. तो खरा मानला तर हृदयाचे ठोके ठीक असलेल्या माणसाला अतिदक्षता विभागात हलवतील. रक्त वेगळं न करता तासन्‌तास ठेवलं तर पोटॅशियम वाढतं आणि साखर उतरते, कारण नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. आपल्या सरकारी व्यवस्थेत ‘महालॅब’ योजनेमुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातला नमुना गाडीनं दूरच्या प्रयोगशाळेत जातो. गरिबाला फुकट तपासणी मिळते, ही सोय खरी आहे. पण उत्तरेला मंडणगड आणि दक्षिणेला राजापूर असा हा लांबट जिल्हा, मध्ये खाड्या, घाट आणि वर्षानुवर्षं उकरलेला मुंबई-गोवा महामार्ग. नमुना किती वेळ हादरत आला हे रिपोर्टवर लिहिलेलं नसतं. ते लक्षात घेऊन ‘हा टाकून द्या’ म्हणणारा माणूस दोन्ही टोकांना हवा.

२०२० मध्ये हे सगळं एकदम उघड्यावर आलं. करोनाच्या सुरुवातीला रत्नागिरीचे नमुने घाट चढून मिरजेला जात होते. जूनमध्ये जिल्हा रुग्णालयात प्रयोगशाळा सुरू झाली. त्या वर्षी पहिल्यांदाच लोकांनी लॅबमधल्या माणसांचा विचार केला, त्यांच्यावर फुलं उधळली. ती फुलं सुकायला फार दिवस लागले नाहीत. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी, ज्यांत हे तंत्रज्ञही मोठ्या संख्येनं आहेत, २०२३ च्या अखेरीस नोकरीत कायम करा म्हणून संपावर बसले होते.

एक्स-रेच्या खोलीत तर विज्ञानाइतकंच माणसांशी बोलणंही लागतं. छातीचा फोटो काढायचा तर गळ्यात धातू नको. सत्तरीची आजी मंगळसूत्र काढायला तयार होत नाही. नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो आणि ती म्हणते त्याला काही झालं तर? तिला समजवायचं, मंगळसूत्र पदरात बांधून तिच्याच हातात ठेवायचं, मग ‘श्वास घ्या, रोखून धरा’ म्हणायचं, आणि तिनं तो नेमका त्याच क्षणी सोडला की पुन्हा सगळं. पाळी चुकली आहे का हे तरुण सुनेला सासूदेखत कसं विचारायचं, हेही त्याच खोलीत शिकायला मिळतं. सरकारी दप्तरात या माणसाचं पद ‘क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी’ असं भारदस्त आहे. छातीवर लावलेल्या छोट्या बिल्ल्यात त्याच्या अंगावर पडलेल्या किरणांची मोजदाद होते; वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये, हा नियम. तो बिल्ला ॲप्रनसोबत खुंटीला टांगून ठेवणारेही आहेतच.

इथं सहीचा प्रश्न येतो. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या एका प्रकरणात निर्णय दिला की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. गावोगावच्या डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका झालेल्यांच्या लॅब या निर्णयानं हादरल्या. डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे: आकडा काढणं वेगळं आणि त्याचा अर्थ लावणं वेगळं. पण तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजिस्ट किती? मग एक डॉक्टर, दहा लॅब, आणि आधीच सही करून ठेवलेले कोरे कागद, असा धंदा सुरू होतो. हा उघड गैरप्रकार आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे. मला वाटतं, अर्थ लावण्याची सही डॉक्टरची असावी, पण नमुना योग्य होता आणि यंत्र तपासलेलं होतं, याखाली दुसरी सही तंत्रज्ञाची, त्याच्या नोंदणी क्रमांकासह असावी. आज चूक झाली तर तो कागदावर कुठेच नसतो. त्याला हे सोयीचं वाटत असेल, पेशंटला नाही.

डॉक्टरच्या सहायकाची गोष्ट याहून पुढची. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये नौदलातून परतलेल्या चार वैद्यकीय मदतनिसांना घेऊन ‘फिजिशियन असिस्टंट’चा अभ्यासक्रम काढला. भारतात तो १९९२ मध्ये मद्रासला, हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकारानं आला. रुग्णाची हकिकत घेणं, शस्त्रक्रियेत हाताशी राहणं, नंतरची देखरेख. आपल्याकडे मुक्त विद्यापीठाचा ‘रुग्णसहायक’ अभ्यासक्रम होता, तो याच्या कितीतरी खालच्या पायरीचा. पण घरच्या म्हाताऱ्यांना खरा उपयोग त्याचाच. पदव्यांच्या शर्यतीत ही खालची पायरी मोडू नये. प्रत्येकाला चार वर्षं शिकवलं तर अंथरुणावरच्या आजोबांची कूस बदलायला कोण येणार?

जिल्ह्यात शिकण्याच्या जागा आता दिसू लागल्या आहेत. सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय १९९६ पासून आहे आणि २०१५ पासून तिथं वैद्यकीय महाविद्यालय. शहरात २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, एमबीबीएसच्या १०० जागा. वर्तमानपत्रांत तो १०० चा आकडा ठळक अक्षरांत आला. या १०० जणांना शिकवायला जे रुग्णालय लागतं त्यात किती तंत्रज्ञ हवेत, त्यातले किती कायम आणि किती कंत्राटी, हे कोणी मथळ्यात छापलं नाही. नवं सीटी स्कॅन आलं की फीत कापायला गर्दी होते. रात्री अडीचला ते चालवणारा नसेल तर अपघातातला जखमी आंबा घाटातून कोल्हापूरकडे निघतो. ‘पुढे न्या’ हे शब्द रत्नागिरीतल्या किती घरांनी ऐकले असतील!

शिकलेली मुलं इथं राहतात का? काही राहतात. बरीच मुंबईला जातात, आणि किनाऱ्यावरच्या मुस्लिम मोहल्ल्यांतली, ज्यांचे आजे-पणजे जहाजावर नि बाप दुबई-कुवेतला गेले, ती आखाताकडे पाहतात. तिकडची पद्धत कडक. परवान्याची परीक्षा द्यावी लागते आणि पदवी, नोंदणी, अनुभवाचा दाखला, प्रत्येक कागद ज्यानं दिला त्याच्याकडे थेट विचारणा करून पडताळला जातो. दिल्लीच्या पत्त्याचं, सहा महिन्यांत मिळालेलं, झळाळत्या होलोग्रामचं प्रमाणपत्र तिथं पहिल्याच फेरीत गळतं. इथल्या चौकातल्या लॅबमध्ये तेच प्रमाणपत्र चौकटीत बसून भिंतीवर वर्षानुवर्षं निवांत असतं.

म्हणून जूनमध्ये बारावीचं गुणपत्रक हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीनं आणि तिच्या वडिलांनी फीआधी काही गोष्टी विचाराव्यात. विद्यापीठ कोणतं, आणि त्याच्या संकेतस्थळावरच्या यादीत या कॉलेजचं नाव याच अभ्यासक्रमासाठी आहे का. पदवीनंतर राज्याच्या परिषदेत नोंदणी होते का. कॉलेजला स्वतःचं रुग्णालय आहे की नुसती भाड्याची इमारत, आणि रुग्णालय असेल तर खाटांवर खरोखर पेशंट आहेत का. हे एक फेरी मारली की कळतं. इंटर्नशिप कुठं, आणि त्या वर्षात मुलांना रात्रपाळीला लावतात की फक्त दिवसा रजिस्टर भरायला बसवतात. रात्रपाळीचं ऐकून वडील कचरतील, होस्टेल किती लांब, सोबत कोण, हे विचारतील, आणि ते त्यांनी विचारायलाच हवं. पण पाळी मिळत असेल तर घ्यावी. रात्री विभागात वरिष्ठ कोणी नसतं, फोन लागतोच असं नाही, आणि समोरचा नमुना लावायचा की परत पाठवायचा हे तिचं तिलाच ठरवावं लागतं.